गाव असलेला माणूस

आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या रुचिराने परवा लिफ्टमध्ये मला विचारलं, "आजी, तुमचं गाव कुठलं?"

"मुलुंड."

"तसं नाही हो. मूळ गाव?"

"मुलुंडच. इथेच जन्मले, इथेच मरणार. पुढे विचार."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. मुंबईत दोन मराठी माणसं भेटली की चहा येण्याआधी हा प्रश्न येतो. मुंबईत चार पिढ्या काढलेला माणूससुद्धा छाती काढून मालवण नाहीतर राजापूर सांगतो, मग तिथे त्याच्या नावाची एक फांदी का नसेना. मला मात्र हा प्रश्न ऐकला की डोक्यात तिडीक जाते. माझ्या आजोबांनी एकदा या प्रश्नाला तोंडभर उत्तर दिलं आणि त्या उत्तराने त्यांचा घात केला.

मी त्यांना पाहिलेलं नाही. ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. आईने, तिचं नाव प्रेमा, ही हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, तीही रागावली की. जे तिला माहीत नव्हतं ते आम्हाला मृणालिनीबाईंकडून कळलं. त्या कोण, ते येईलच.

आजोबांचं नाव धोंडू. देवगडाकडच्या कातळवाडीतून मिसरूड फुटायच्या आत बाहेर पडले, गलबतावर खलाशी झाले आणि फिरत फिरत कराचीला पोचले. तिथल्या बंदरावर त्यांनी जन्म काढला, तांडेल झाले, म्हणजे दहा-वीस खलाशांचे मुकादम. कराचीत मराठी माणसं होती हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. होती, चांगली गल्लीच्या गल्ली होती. मराठी शाळा होती, गणपती बसत होता, आणि मुलगी दाखवायला आणली की हाच प्रश्न होता. बाबांचं, म्हणजे नंदकिशोरचं, लग्न ठरत होतं तेव्हा आईच्या वडिलांनी विचारलं, "गावाला घर आहे ना?" आजोबा म्हणाले, आहे. मोठं आहे. पुढे खळं, मागे विहीर, फणसाची झाडं. आईच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला. परमुलुखात नोकरीचं काही सांगता येत नाही, पण गावाला घर असलं म्हणजे पोरीच्या पाठीला भिंत असते.

लग्नाला काही आठवडे असताना कातळवाडीचा एक माणूस गलबतावरून कराचीला आला आणि बंदरावर आजोबांना भेटला. त्याने सांगितलं ते असं, की घराची शाकारणी कुणी केली नाही, दोन पावसांत आढं मोडलं, तिसऱ्यात भिंती बसल्या. जोतं तेवढं उरलंय, आणि त्यावर चुलतभावाने म्हैस बांधलीय. बाबा तिथेच उभे होते. तो माणूस गेल्यावर आजोबा त्यांना म्हणाले, "ह्या कोणाक सांगा नको." बाबांनी कुणाला सांगितलं नाही. घर नव्हतं, ही गोष्ट कराचीत त्या बापलेकांनाच माहीत होती. आजोबा मात्र घराचं वर्णन करत राहिले, आणि वर्णन करता करता त्यात गुरांसाठी एक मांगर वाढला, मग पडवीला नवी फळी बसली. थापा म्हणा हवं तर. मला वाटतं, म्हातारा मनातल्या मनात घराची डागडुजी करत होता.

मग देश फुटला. आधी सगळे म्हणाले, कराचीला काही होणार नाही. पुढच्या जानेवारीत तिथेही पेटलं, आणि सगळे आगबोटीच्या धक्क्याकडे पळाले. बाबा बंदरात क्रेनवर होते. बंदरातल्या माणसांना सोडत नव्हते, ती गेली तर काम बंद पडलं असतं. त्यांनी पोटुशी बायको आणि म्हातारा बाप यांना बोटीत चढवलं आणि सांगितलं, मी मागून येतो. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मुंबईला उतरल्यावर सगळ्यांना लॉरीत घालून मुलुंडच्या डोंगराकडे आणलं. तिथे लढाई संपल्यावर लष्कराने सोडलेल्या बराकी होत्या. आता त्या जागी इमारती आहेत, खाली केकची दुकानं आहेत, आणि तिथे कधीकाळी काय होतं हे विचारणारंही कुणी नाही. तेव्हा त्या वस्तीला नाव नव्हतं, लोक नुसतं छावणी म्हणत.

फाटकापाशी टेबल टाकून मृणालिनीबाई बसल्या होत्या. पार्ल्याच्या. नवरा मोठ्या हुद्द्यावर, घरी स्वयंपाकाला बाई, आणि मनात देशसेवा. थट्टा करत नाही मी, त्या खरंच उन्हातान्हात येऊन राबत. सकाळपासून सिंधी नावं लिहून त्यांचं डोकं पिकलं होतं, आणि निम्मी नावं त्या चुकीची लिहीत होत्या. आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, "रामराम, बाय."

मृणालिनीबाईंनी मान वर केली. "अगबाई! तुम्ही मराठी?"

"व्हय तर."

"गाव कुठलं तुमचं?"

बोटीत चढल्यापासून आजोबांना लोकांनी एवढंच विचारलं होतं की डोकी किती, सुई टोचली का, सामान कुणाचं. माणसाला विचारतात तसं कुणी काही विचारलं नव्हतं. ते ताठ झाले. आई शेजारी उभी होती, तिने ते पाहिलं.

"कातळवाडी. देवगडाकडे. घर आसा, बाय, मोठा घर. म्होरल्या दारी खळा, मागल्या दारी बाव. फणस आसत. मांगर आसा."

आईलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, लॉरीतून उतरवलेल्या त्या गर्दीत, आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. मृणालिनीबाई हसल्या आणि सगळं लिहून घेतलं, फणससुद्धा.

"मग तुम्ही निर्वासित कसले, आजोबा? तुम्ही तर आपलेच!"

आपला तो बाब्या म्हणतात ना, इथे बाब्या होता म्हणूनच त्याला दाराबाहेर काढायची सोय झाली. पण ते पुढे. त्या दिवशी आजोबा खुशीत होते. कराची काय आणि कुठलाही मुलूख काय, गाव विचारलं की आमचा माणूस राहतो ती जागा कधी सांगत नाही. तसं सांगणं त्याला अपमान वाटतो. ज्याला गाव नाही तो कसला माणूस! शेजारच्या रांगेतला सिंधी म्हणाला, कराची. त्याला पत्र्याखाली जागा मिळाली आणि ती कुणी परत मागितली नाही.

बराकीत गोणपाटाचे पडदे लावून घरं केली होती. एका पडद्याआड आई आणि आजोबा, पलीकडे ईश्वरीबाई नावाची सिंधी बाई, तिचा मुलगा, सून, नातवंडं. कुणी कूस बदलली तरी चार घरांना कळे. पत्रा दुपारी असा तापे की लोक बराकीबाहेर भिंतीच्या सावलीला ओळीने बसत आणि सावली सरकली की सगळी ओळ सरके. पाण्याला रांग, रेशनला रांग, आणि चर खणलेल्या संडासाला रांग, जिथे आई नाकाला पदर लावून पोट सांभाळत उभी राही. एप्रिलात हगवण लागली. लहान पोरं आधी गेली. ईश्वरीबाईचा नातू सकाळी पेज मागत होता, संध्याकाळी त्याला चादरीत गुंडाळून नेला. त्या रात्री पडद्यापलीकडे कुणी रडलं नाही, त्याचीच आईला भीती वाटली.

तिथून ती भीती गेली नाही. तिला दिवस भरत आले होते. या मातीत, या माश्यांत, गोणपाटाआड ती बाळंत होणार होती. याआधी बराकीत दोघी झाल्या होत्या, त्यांतली एक गेली आणि दुसरीचं मूल. आईला कातळवाडी सुटकेसारखी दिसू लागली. ती तिने पाहिली नव्हती, पण तिथल्या पडवीची फळीन्‌फळी तिला पाठ होती.

"मामंजी, बावीचं पाणी गोड आहे?" ती विचारी.

"गोड आसा."

"बाळंतिणीची खोली आहे का?"

"आसा."

"मग आपण इथे का मरतोय? चला ना गावाला."

आजोबा म्हणत, नंदू येऊ दे. म्हणत, वाट वाईट आहे. म्हणत, तुला गाडीचे हादरे सोसायचे नाहीत. आईला वाटे, म्हाताऱ्याला फुकटचं रेशन गोड लागतंय. तिने ते एकदा बोलूनही दाखवलं.

मे लागला आणि छावणीत दवंडी फिरली. बोटी येतच होत्या, स्टेशनांच्या फलाटांवर माणसं पडून होती, जागा नव्हती. ज्यांना हिंदुस्थानात स्वतःचं घर आहे त्यांनी छावणी सोडावी. कोकणच्या आगबोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत कोकणातल्यांनी निघावं, भाडं सरकार देईल. अख्ख्या छावणीत कोकणातलं बिऱ्हाड एकच होतं.

आईने आनंदाने भांडी आवळायला घेतली. आजोबा मृणालिनीबाईंकडे गेले.

टेबलापुढची माणसं जाईपर्यंत ते टोपी हातात चुरगाळत बाजूला उभे राहिले. मग म्हणाले, "बाय, घर नाय."

"म्हणजे?"

"पडला. लय वरसा झाली. जोता रवला तेवढा. तेच्यार चुलतभावाची म्हस बांधतत."

मृणालिनीबाईंना आधी समजेना, मग राग आला, मग वाईट वाटलं. त्या आमच्याकडे नंतर सांगत, की समोरचा म्हातारा चोरी कबूल केल्यासारखा उभा होता. त्या उठून छावणीच्या साहेबाकडे गेल्या. साहेब म्हणाला, छावणी सोडायची वेळ आली की सगळ्यांची घरं पडतात. म्हणाला, फणससुद्धा लिहून दिलेत यांनी. आणि घर पडलं असेल, पण गाव तर आहे? भाऊबंद आहेत? आपल्या माणसांत जातोय तो. फलाटावर पडलेत त्यांना कोण आहे?

त्याचंही खोटं नव्हतं. या सगळ्या हकीकतीत राग काढायला एक धड नालायक माणूस सापडत नाही, हेच मला छळतं.

मृणालिनीबाई परत आल्या आणि समजूत घालायची म्हणून म्हणाल्या, "मी खूप सांगून पाहिलं, आजोबा. सून एकटी असती तर प्रश्नच नव्हता. निराधार बाईला इथून हलवत नाहीत. दवाखान्याच्या मागे पक्क्या खोल्या आहेत, नर्स आहे. पण तिला तुम्ही आहात ना."

"मी नसलंय तर?"

"असं का बोलता?"

"नाय, विचारलंय." त्यांनी टोपी डोक्याला घातली आणि गेले.

मी आयुष्यभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले. सांगून टाकायचं होतं आईला. ती ओरडली असती, बापाला फसवलंत म्हणाली असती, दोन दिवस अबोला धरला असता. पण मग पुढे? घर नाही हे कळल्यावर तिने त्यांना एकट्याला जाऊ दिलं असतं? फाटकात आडवी पडली असती. आणि मग दोघांनाही जावं लागलं असतं, दिवस भरलेल्या बाईला म्हशीच्या जोत्यावर. मोठेपणासाठी सांभाळलेलं खोटं आता कामाला येत होतं. त्यांना ते त्या टेबलापासून बराकीपर्यंत चालत येतानाच उमगलं असणार.

अक्षय तृतीयेच्या सकाळी आई गाठोडी बांधून बसली होती. बराकीत निम्मी माणसं जागेवर होती. आजोबांनी मुद्दामच ती वेळ धरली.

"मी गावाक जातंय," ते मोठ्याने म्हणाले.

"झालीच माझी तयारी," आई म्हणाली.

"तू नाय. मी एकटोच."

आईला वाटलं, कानाने दगा दिला. "मामंजी, आणि मी?"

"तू हयच रव. तुज्या पोटाचा झेंगाट माका नको."

"अहो, पण घर..."

"घर माजा आसा! तुज्या बापाशीचा नाय!"

पडदे बाजूला झाले. ईश्वरीबाई येऊन मध्ये उभी राहिली. तिला मराठी येत नव्हतं, पण हे काय चाललंय ते कळायला भाषा लागत नाही. आजोबा तिला चुकवून पुढे झाले आणि साऱ्या बराकीला ऐकू जाईल असं ओरडले, की ही माझी कोणी नाही, हिचा माझा संबंध तुटला. कधी कुणावर आवाज न चढवलेला माणूस. आई म्हणे, त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि ते तिच्याकडे बघत नव्हते, पत्र्याकडे बघत होते.

तिथून ते टेबलाकडे गेले आणि मृणालिनीबाईंसमोर तेच म्हणाले. सुनेला टाकली. लिहा. मृणालिनीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजून चुकल्या. मागे साहेब उभा होता, बघायला जमलेली माणसं होती. त्यांनी आईच्या नावापुढे निराधार असं लिहिलं. आपल्याला दुसरं काही करता येईना, असं त्या सांगत. मला ते पटत नाही. पण त्या जागी मी काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

आई धावत फाटकाशी गेली. दिवस भरलेली बाई, केस सुटलेले, पायांत वहाण नाही. आजोबा गाठोडं खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडत होते.

"जा!" ती ओरडली. "जा तुमच्या घरी! त्या आढ्याखाली एकटे मरा! तोंड बघायला कुणी नसो तुमचं!"

ते थांबले. मागे वळले नाहीत. गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

त्याच दुपारी आईला दवाखान्यामागच्या खोलीत हलवलं. फरशीची जमीन, खिडकी, दाराला कडी. पंधरवड्याने मी झाले. पायाळू. आई दोन दिवस अडली होती आणि मग रक्त थांबेना. नर्सने नंतर तिला सांगितलं, बराकीत असतीस तर तुम्हां दोघींना एका चादरीत नेलं असतं. आईने तेव्हा देवाचे आभार मानले. सासऱ्याला शिव्या घातल्या.

शिव्यांवरच तिने ते महिने काढले. मला पाजताना ती त्या घराला शिव्या घाली, त्या बावीला, त्या फणसांना. ईश्वरीबाई येऊन मला न्हाऊ घाली आणि तीही आपल्या भाषेत म्हाताऱ्याचा उद्धार करी. नवरा आला की सांगायचं ते आईने पाठ करून ठेवलं होतं.

दसरा उलटल्यावर बाबा आले. हाडांची काडी झाली होती. टेबलावर नाव विचारत विचारत खोलीशी पोचले, दारात उभे राहिले आणि मला पाहून तिथेच बसले. मला मांडीवर घेतलं.

मग म्हणाले, "आबा कुठे?"

"विचारा!" आई म्हणाली. "विचाराच! तुमच्या आबांनी मला टाकलं. चारचौघांत. पोटाचं झेंगट नको म्हणाले."

"आबा असं म्हणाले?"

"सगळ्या बराकीने ऐकलंय. मला इथे या मढ्यांत टाकलं आणि गेले फणस खायला. आता फणस संपून भात कापायला आला, तरी नात आहे की मेली याची चौकशी नाही. बसले असतील पडवीत पाय पसरून."

"कुठे गेले म्हणालीस?"

"गावाला. घरी."

बाबांनी मला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "प्रेमा, घर नाही गं तिथे."

"नाही कसं? मोठं घर..."

"पडलं ते. आपल्या लग्नाआधीच. मला माहीत होतं. आबांनी कुणाला सांगू नको म्हटलं, मी नाही सांगितलं."

आई हसली. खरंच हसली, असं बाबा सांगत. मग म्हणाली, "म्हणजे गेले कुठे?"

मृणालिनीबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून भिंतीला टेकून रडल्या. आई रडली नाही. तिने एकच विचारलं, "मग तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत? मी फाटकात होते. ते वीस पावलांवर होते." पुढे अनेक वर्षं मृणालिनीबाई आमच्याकडे येत, माझ्यासाठी फ्रॉक आणत. आई त्यांना चहा देई आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसे.

बाबा कातळवाडीला जाऊन आले. जोत्यावर म्हैस होती. चुलतभाऊ म्हणाला, धोंडूला कराचीला गेल्यापासून कुणी पाहिलं नाही. आजोबा गावाला गेलेच नव्हते. कुठे जाणार होते? मग बाबांना वाटलं, तांडेल माणूस, पाण्याच्या कडेनेच गेला असेल. मुंबईत नोकरी लागल्यावर सुटीच्या दिवशी ते निघत. ससून डॉक पाहिला, माझगाव पाहिलं. वर्सोव्याला जाळी शिवणारा एक म्हातारा देवगडाकडचा आहे असं कळलं, धावत गेले, तो दुसराच निघाला. होडीतून गोराईला गेले, तिथे एका बाईने सांगितलं, असा एक जण पावसात पडवीला निजायचा, पण तो कधी नाव सांगत नव्हता, आणि एके दिवशी दिसेनासा झाला. तो आजोबा असेल, नसेलही. जिवंत असताना ते परत का आले नाहीत, हे मी लहानपणी विचारी. मोठी झाल्यावर कळलं. ते आले असते तर आई निराधार राहिली नसती. आम्ही त्या खोलीत होतो तोवर त्यांना यायचं नव्हतं, आणि बाबा आलेत हे त्यांना कुणी सांगणार नव्हतं.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि तिथून पुढे दरवर्षी श्राद्ध घालतात. बाबा तयार नव्हते. आईनेच गुरुजींना बोलावलं. तोवर छावणी सोडून आम्ही जवळच दोन खोल्या घेतल्या होत्या. मी बारा वर्षांची होते आणि पाटाशी रांगोळी घालत होते.

गुरुजींनी पंचांग काढलं. "गेल्याची तिथी माहीत नाही म्हणजे अमावास्या धरावी लागेल," ते म्हणाले. "तशीच रीत आहे."

"नको," आई आतून म्हणाली. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "तिथी माहीत आहे. अक्षय तृतीया."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. गुरुजींना बरंच वाटलं. "उत्तम दिवस. या दिवशी केलेलं क्षय पावत नाही. कुणाकडून कळलं, वहिनी?"

"कुणाकडून कशाला कळायला हवं? त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, एकटे मरा."

गुरुजी चाचरले. "तसं नसतं हो. रागात माणूस बोलतो. त्या दिवशी ते जिवंत होते, चालत गेले ना? गेले असतील पुढे कधीतरी, कुठेतरी."

"मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं," आई म्हणाली. "मी चला म्हटलं ते ऐकलं नाही, थांबा तर मी म्हटलंच नाही. हे एवढंच ऐकलं त्यांनी माझं. तीच तिथी धरा."

गुरुजी पंचांगात बोट घालून बाबांकडे बघत राहिले.

"धरा, गुरुजी," बाबा म्हणाले.